पुढच्या वर्षीही विसरणे

नसीमबाई, तुमच्या शोकसभेत मी रडले नाही. चित्रकलेच्या बाई रडल्या, शिपाईमामा रडले, गेल्या वर्षी लागलेला संगणकाचा मास्तरही डोळे पुसत होता. मी मात्र हॉलच्या दाराकडे बघत बसले होते. दारातून माणसं येतच होती. जुनी मुलं, त्यांची मुलं, फॅक्टरीच्या गणवेशातले दोघे ड्यूटी बदलून आलेले, कडेवर लेकरू घेतलेली एक. ती कडेवर लेकरू घेतलेली तुमची नव्हतीच. ती अ तुकडीतली, माझ्या वर्गातली. खुर्च्या संपल्या तशी माणसं जिन्यात उभी राहिली, आणि मी मनात म्हटलं, माझ्या वेळी हॉल लागायचा नाही, स्टाफरूम पुरेल. तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते आणि माझ्या मनात हे आलं. लाज वाटली, पण आलं ते आलं. सव्वीस वर्षं मी तुमचा हेवा करत आले. तुम्ही गेल्यावर तो आपोआप थांबेल अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली.

मग मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. म्हणाले, विज्ञान सांगतं की द्रव्य अक्षय्य असतं, कधी नष्ट होत नाही, तशाच नसीमबाई आपल्यातच आहेत. लोकांनी माना डोलावल्या. मी वाट बघत राहिले, की आता मागच्या रांगेतून तुमचा तो गोड आवाज येईल आणि तुम्ही म्हणाल, सर, तो नियम वस्तुमानाचा आहे, माणसांचा नाही, आणि तुमचा विषय भूगोल आहे. मी तुमच्याकडे डोळे वटारून बघितलं असतं. पण कुणीच काही म्हटलं नाही. तुम्ही नाही आहात हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

मी पुण्याजवळच्या मांजरी गावची. आमच्या घरात ऊस, म्हशी आणि 'हाय'. बी.एस्सी. झालेली घरातली पहिली मीच. खडकीच्या या शाळेत नोकरी लागली तेव्हा आरशासमोर उभी राहून मी 'आहे, आहे' असा सराव केला होता. तुम्ही माझ्यानंतर वर्षभराने आलात. कॅम्पातलं घर, वडिलांचं नट-बोल्टांचं दुकान, आणि मराठी अशी की सदाशिव पेठेने कान टवकारावेत. ळ आणि ण जिथल्या तिथे. त्यासाठी तुम्हाला आरसा लागला नव्हता, आणि हेच मला पहिल्या दिवसापासून खुपलं. पहिल्याच महिन्यात घाईत माझ्या तोंडून निघून गेलं, "तराजू कपाटात हाय." मराठीचे सर मिशीतल्या मिशीत हसले. तुम्ही हसला नाहीत. उठलात, कपाट उघडलंत, तराजू काढलात आणि म्हणालात, "हाय खरा." ती थट्टा होती की साथ, हे मला आजवर समजलेलं नाही. सरळ हसला असतात तर निदान भांडता आलं असतं.

नववी अ माझी, नववी ब तुमची. निकाल दरवर्षी माझा चांगला. फळ्यावरचं माझं अक्षर छापल्यासारखं, तुमचं औषधांच्या दुकानदारानेच वाचावं असं. माझी पट्टी, माझा खडू, माझं डस्टर जागच्या जागी. तुमचं डस्टर शोधायला दर तासाला एक मूल वर्गाबाहेर. आणि तरी मधली सुट्टी झाली की मुलं तुमच्याभोवती. कुणाच्या घरी मांजर व्यायली तेही तुम्हाला सांगायची. माझ्याकडे यायची ती वह्या तपासून घ्यायला, आणि सही झाली की वही छातीशी धरून पळायची. मी स्वतःला समजावायचे की तुम्ही मुलांना लाडावून ठेवता. एकदा एका मुलीला मी मुद्दाम हसून विचारलं होतं, काय गं, घरी सगळे बरे आहेत ना? ती घाबरली. म्हणाली, बाई, मी काही केलं नाही.

नववीचा तो रसायनाचा धडा म्हणजे तर आपल्या दोघींचं हक्काचं रणांगण. द्रव्य अक्षय्यतेचा नियम. रासायनिक बदल होताना द्रव्य नव्याने तयार होत नाही, नाहीसंही होत नाही, आधी जेवढं वजन तेवढंच नंतर. मी पुस्तकातला प्रयोग पुस्तकात लिहिल्याप्रमाणे करायचे. एका पात्रात एक द्रावण, छोट्या नळीत दुसरं, दोन्हींचं मिळून वजन. मग ती एकत्र करायची, पांढरा साका तयार होतो, पुन्हा वजन करायचं. तेच भरतं. मुलं नियम वहीत उतरवून घ्यायची आणि घंटा व्हायला पाच मिनिटं बाकी असायची. त्या पाच मिनिटांचा मला अभिमान होता.

तुम्ही मात्र घरून कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणायचात. तिच्यात व्हिनेगर, शेजारी कागदाच्या पुडीत खायचा सोडा, सगळं तराजूवर ठेवून वजन. मग पुडी बाटलीत टाकायची, झाकण फिरवायचं आणि फसफस बघायची. पुन्हा वजन केलं की ते कमी. कारण झाकण सैल, आणि झालेला वायू त्यातून बाहेर. ब तुकडी ओरडायची, बाई, गेलं कुठे, बाई, तराजू बिघडलाय. भिंतीच्या पलीकडे माझी मुलं नियम लिहून घेत असायची आणि माना तुमच्या वर्गाकडे वळवायची. मला ते सहन व्हायचं नाही. मी उठून तुमच्या दारात यायचे आणि सगळ्या वर्गासमोर सांगायचे, नसीमबाई, झाकण नीट लावायचं राहिलंय. तुम्ही जीभ चावायचात. म्हणायचात, "राहिलंच की हो. बरं झालं आलात."

मी परत वर्गात जायचे ती ताठ मानेने. आणि मधल्या सुट्टीत चहाबरोबर सगळ्यांना सांगायचे की एवढं बी.एड. करून बाईंना अजून बाटलीचं झाकण लावता येत नाही. दरवर्षी तीच चूक आणि दरवर्षी मीच जायचं सांगायला. तुम्ही समोर बसून बिस्किट चहात बुडवत ऐकायचात. कधी तर मी एखादा तपशील विसरले की तुम्हीच भर घालायचात. तुमचं एवढं मन मोठं, याचाही मला राग यायचा.

अणूवरून तर आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. अणू अविभाज्य असतो, हा अणुसिद्धांतातला पहिला मुद्दा मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचे. तुम्ही तो सगळ्यात शेवटी घ्यायचात. तुमचं म्हणणं असं, की ज्या इंग्रज शाळामास्तराने हा सिद्धांत मांडला त्याने काही अणू पाहिला नव्हता. त्याच्याकडे नुसती वजनं होती. पाणी विहिरीचं घ्या नाहीतर नळाचं, त्यात हायड्रोजनच्या आठपट ऑक्सिजन, ठरलेला. कार्बनचे दोन वायू घ्या, तेवढ्याच कार्बनला एकात जेवढा ऑक्सिजन, त्याच्या बरोबर दुप्पट दुसऱ्यात. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही. त्यावरून त्याने ताडलं की हे सगळं सुट्या दाण्यांचं असणार, आणि अर्धा दाणा कुणाला मिळत नसणार. मग मुलांनीही ते ताडू दे ना, असं तुम्ही म्हणायचात.

म्हणून तुम्ही वडिलांच्या दुकानातून बोल्ट आणि नट आणायचात आणि कापडाच्या छोट्या पुरचुंड्या शिवून टाकायचात. प्रत्येकीत एक बोल्ट, त्याला कुठे एक नट, कुठे दोन, कुठे तीन. उसवायचं नाही, चाचपायचं नाही, फक्त वजन करायचं आणि आत काय असेल ते सांगायचं. वजनं सारख्या पायऱ्यांनी वाढतात हे मुलांच्या लक्षात यायला अख्खा तास जायचा. मी त्याच धड्यासाठी तीन संध्याकाळ बसून अणुसिद्धांताचा तक्ता रंगवला होता. तो प्रयोगशाळेत अजून लटकतो आहे, एकाही मुलाने त्याला हात लावलेला नाही. तुमचे नट-बोल्ट पोरांनी खिशात घालून घरी नेले. मी तुमच्याकडे तक्रार केली की शाळेच्या वस्तू जातात. तुम्ही म्हणालात, शाळेच्या नाहीत हो, अब्बांच्या आहेत, आणि ते विचारत नाहीत.

त्या शनिवारी अर्ध्या शाळेनंतर आपण फाटकाशी रिक्षाची वाट बघत होतो तेव्हाही हेच चाललं होतं. मी म्हणत होते, अविभाज्य लिहिलं नाही तर पोरांचे मार्क जातील, आणि ते खरं नाही हे पुढे इलेक्ट्रॉन आले की कळेलच त्यांना.  मग म्हणालात, जे खरं नव्हतं त्याच्यावर एवढं सगळं बरोबर कसं उभं राहिलं, हे त्यांना कोण सांगणार, सुनंदाबाई? मी म्हटलं, सोमवारी सांगते. तेवढ्यात तुमची रिक्षा आली. रविवारी दुपारी तुम्ही गेलात. 

आता नववी ब माझ्याकडे आली आहे. मुख्याध्यापक सरांनी तुमच्या कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, त्यांचं टाचण बघून पुढे सुरू करा. आपल्या धंद्यातलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. कुठल्या तासाला काय, कसं आणि कशाच्या मदतीने शिकवणार, ते वहीत आधी लिहून ठेवायचं आणि आठवड्याला सरांची सही घ्यायची. माझी टाचणवही दरवर्षी इतरांना नमुना म्हणून दाखवतात. तुमची दाखवायच्या लायकीची नसणारच, अशा विचाराने मी ती उघडली, आणि तुमचं ते अक्षर लावत बसले.

घटक, द्रव्य अक्षय्यतेचा नियम. त्याखाली शैक्षणिक साहित्याचा रकाना. त्यात लिहिलं होतं: बाटली, व्हिनेगर, सोडा, तराजू, सुनंदाबाई.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पुढे कृतीचा रकाना. "झाकण सैल ठेवणे. साधारण दहाव्या मिनिटाला सुनंदाबाई येतील. येऊ देणे." त्याच्याखाली शाळेचा गोल शिक्का, 'तपासले' असा शेरा, आणि मुख्याध्यापकांची लफ्फेदार सही.

कपाटात मागच्या वर्षांच्या वह्या होत्या, खाकी कव्हर घातलेल्या. मी खाली फरशीवर बसले आणि एकेक काढून तेच पान शोधत गेले. सगळ्यांत मी होते. कधी तराजूच्या आधी, कधी नंतर. एका वर्षी माझ्या नावापुढे कंसात 'रजेवर असल्यास प्रयोग पुढे ढकलणे' असं लिहिलेलं होतं. सगळ्यात जुनी वही पहिल्या वर्षाची. त्यात माझं नाव साहित्यात नव्हतं. तास झाल्यावर लिहायच्या जागेत तुम्ही लिहिलं होतं: "झाकण लावायला विसरले. सुनंदाबाईंनी दारात येऊन सांगितले. मुलांनी आजवर विचारले नव्हते एवढे प्रश्न विचारले. पुढच्या वर्षीही विसरणे."

खरं सांगू? आधी मला आनंद झाला. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही खरंच विसरला होतात आणि मी खरंच बरोबर होते. तो आनंद फार तर मिनिटभर टिकला. मग इतका राग आला की वही कपाटात आपटली. पंचवीस वर्षं मी दारात उभी राहून तुमची चूक दाखवत होते आणि तुम्ही मला बाटलीच्या आणि सोड्याच्या रांगेत मांडून ठेवलं होतं. स्टाफरूममध्ये मी तेच पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तुम्ही बिस्किट खात होतात. एकदा तरी म्हणायचं होतंत. मी भांडले असते, महिनाभर बोलले नसते, पण तुम्ही सांगायला हवं होतं.

रागाच्या मागे एक भीती होती, ती दोन दिवस गेली नाही. मी दारातून वळले की तुम्ही मुलांना काय सांगत होतात? ते कुठल्याच टाचणात नव्हतं. नववी ब माझ्या पाठीमागे हसत होती का, दरवर्षीची ब, सगळ्या वर्षांची मिळून? शोकसभेला जिन्यात उभी असलेली ती सगळी माणसं माझ्याकडे बघून मान लववत होती, ती कशासाठी? निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. तुमच्याइतकी मी कधी आवडणार नाही हे मी केव्हाच मान्य केलं होतं. पण मी वर्गाचा विनोद होते, हे घेऊन मला घरी जायचं नव्हतं.

काल ब तुकडीवर पहिला तास होता. स्थिर प्रमाणाचा नियम काढायचा होता. मी पुस्तक उघडलं आणि मिटलं. गृहपाठ विचारावा त्या आवाजात विचारलं की मागच्या महिन्यात मी तुमच्या वर्गात झाकणाचं सांगायला आले होते, मी गेल्यावर नसीमबाई काय म्हणाल्या.  एकाने खाली वाकून चपलेचा पट्टा लावला. मला वाटलं, झालं, हसले असणार.

दुसऱ्या बाकावरची श्रावणी उभी राहिली. फॅक्टरीच्या क्वार्टर्समधली, दोन वेण्या, बोलताना नाकावरचा चष्मा सारखा वर करते. तिने सांगितलं की बाई हसल्या नाहीत, कुणालाच हसू दिलं नाही. म्हणाल्या, झाकण सैल आहे हे भिंतीपलीकडून ज्यांना कळलं त्यांनाच विचारायचं वजन कुठे गेलं ते. सुनंदाबाईंइतकं नीट उत्तर या शाळेत कुणी देत नाही. मधल्या सुट्टीत जा.

 मग माझ्या नेहमीच्या आवाजात मी विचारलं, "मग आलं का नाही कुणी?"

"मी आले होते, बाई," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, ब तुकडीचं ब तुकडीत विचारा."

ती रागाने म्हणाली नाही. आजचा वार सांगावा तसं सांगितलं. आणि मला एकेक आठवायला लागलं. ती एकटी नव्हती. दरवर्षी त्या धड्यानंतर एक-दोन पोरं स्टाफरूमच्या दारात येऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी राहायची. बाई, ते वजन कुठे गेलं? माझा चहा निवत असायचा. माझं वाक्य तयार असायचं. मुलं गेली की मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, बघा, ब तुकडीला शिकवलेलं कळत नाही, शेवटी माझ्याकडे यावं लागतं. तुम्ही तिथेच बसलेल्या असायचात, नसीमबाई. सगळं ऐकत होतात. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवत होतात.

मी श्रावणीला म्हटलं, आता सांगते. सोडा आणि व्हिनेगरचा वायू झाला, तो सैल झाकणातून निघून गेला, म्हणून तेवढं वजन कमी भरलं. झाकण घट्ट असतं तर काट्याने तेच दाखवलं असतं. सावकाश सांगितलं, फळ्यावर आकृतीसुद्धा काढली.

"हो बाई," ती म्हणाली. "ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मग आली कशाला होतीस?"

तिने शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी नसीमबाईंना सांगितलं होतं मला आलंय म्हणून. त्या म्हणाल्या, तरी जा. त्यांना बरं वाटेल."

म्हणजे तुम्हाला सगळं दिसत होतं. मुलं तुमच्याभोवती जमली की मी वह्यांच्या ढिगाऱ्यात डोकं घालायचे ते दिसत होतं, तुमच्याविषयी बोलताना माझा आवाज कसा चढायचा ते कळत होतं. आणि तुम्ही त्यावर एक शब्द न बोलता दरवर्षी तुमच्या तुकडीतली दोन पोरं माझ्याकडे पाठवत राहिलात, उत्तर येत असलेली. काल रात्रीपासून तुमचा हेवा आणखीच वाढला आहे. मी कधी तुमच्याकडे एक मूल पाठवलं नाही.

त्यातल्या एकाला जरी उत्तर दिलं असतं, तर मला बरं वाटलं असतं, नसीमबाई. खरंच बरं वाटलं असतं.